गॅस कंपनीने दरवाढ मागितल्यास अमेरिकेत घरगुती ग्राहकांची बाजू कोण मांडते?

बहुतेक राज्यांत ही बाजू कायद्याने स्थापन झालेले ग्राहक-वकील कार्यालय मांडते. पेनसिल्व्हेनियात ते १९७६ पासून आहे. राज्याच्या नियामक आयोगापुढील सुनावणी बरीचशी न्यायालयासारखी चालत असल्याने, कार्यालयाचे वकील व तज्ज्ञ कंपनीकडून हिशेब मागवतात, तिच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेतात आणि भागधारकांसाठी मागितलेला परतावा खरोखर एवढा हवा का, हे तपासतात. महिन्याच्या स्थिर आकारावरही त्यांनी आग्रहाने भांडायलाच हवे, कारण तो वाढला की गॅस जपून वापरणाऱ्या घरालाही चुकत नाही. मात्र प्रत्यक्ष गॅसच्या खरेदीचा खर्च सहसा स्वतंत्रपणे वसूल होत असल्याने, दरवाढ रोखली तरी बिल वाढू शकते.