‘भांडणच नाही, तर कोर्टात लिहायचं काय?’

दोघं माझ्याकडे सल्ला विचारायला एकाच ॲक्टिव्हावर आले. मे महिना, दुपारचे तीन; त्या वेळी नागपुरात कुणी हौसेनं बाहेर पडत नाही. सुनंदाताई आणि प्रकाशभाऊ म्हणू या, खरी नावं वेगळी आहेत.

“आम्हाला वेगळं व्हायचं आहे जी,” ताई म्हणाल्या. “पण भांडण नाही. सगळे म्हणतात, मारहाण-छळ लिहिल्याशिवाय कोर्ट उभंच करत नाही. यांच्याबद्दल खोटं कसं लिहू?”

लेकरं मोठी झालेल्या घरांतून हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. खोटं काहीच लिहावं लागत नाही. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली कलम १३-ब आलं, परस्पर संमतीच्या घटस्फोटाचं. वर्षभर वेगळे राहतोय, एकत्र राहणं जमलं नाही आणि दोघांनी मिळून ठरवलंय, एवढं सांगायचं. दोष कुणाचा, हे तिथं सिद्ध करायचं नसतं. (बौद्ध जोडपी विचारतात, हा कायदा आम्हाला लागतो का? लागतो. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर त्यात कलम २८ आहे.)

“पण आम्ही तं एकाच घरात राहतो,” भाऊ पहिल्यांदा बोलले.

मनीषनगरातला लहानसा फ्लॅट. हप्ते भरून दुसरीकडचं भाडं परवडत नव्हतं. घरात राहता कसे, असं विचारलं तर ताईंनी सांगितलं, फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्या दोन, स्वयंपाक आपापला आणि दोन उन्हाळ्यांपासून कूलरही दोन. हॉलमधला भाऊंचा, आतला ताईंचा. ज्यानं त्यानं आपल्या कूलरमध्ये पाणी भरायचं.

एवढं ऐकल्यावर मला शंका उरली नाही. एका छपराखाली असूनही नवरा-बायको म्हणून न राहणं हेसुद्धा वेगळं राहणंच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सांगितलं आहे.

मुलगी २४ वर्षांची, पुण्यात नोकरीला. म्हणजे ताबा नाही, भेटीचे वार नाहीत. तिची सहीही लागत नाही, आणि वडिलांची वारस ती राहतेच. लोकांना वाटतं, आता काय, दोन सह्या! मला मात्र अशाच प्रकरणांची धास्ती वाटते. भांडण नसलं की माणसं ‘मला काही नको’ म्हणून मोकळी होतात. ताईही तेच म्हणाल्या.

मी विचारलं, “भाऊ सरकारी नोकरीत आहेत. त्यांच्या माघारी बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. घटस्फोट झाल्यावर ते तुम्हाला मिळणार नाही, माहीत आहे?”

माहीत नव्हतं. दोघांनाही. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग भाऊच म्हणाले, “तं फ्लॅट हिच्या नावानं करून टाकू.”

फ्लॅट आणि कर्ज, दोन्ही दोघांच्या नावावर. ‘हप्ते मी भरीन’ असं आपसात कितीही लिहिलं तरी ते बँकेवर बंधनकारक नसतं. हप्ते थकले की ती दोघांनाही धरते. म्हणून आधी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून कर्ज फेडलं. मग भाऊंचा हिस्सा बक्षीसपत्रानं ताईंच्या नावे, तोही हुकूमनाम्याच्या, म्हणजे घटस्फोटाच्या अंतिम आदेशाच्या, आधी. मुद्रांक शुल्कातली सवलत पत्नीला असते, माजी पत्नीला नाही. एकरकमी पोटगी, दागिने, लॉकर, सगळं दोघांच्या समझोत्याच्या मसुद्यात आलं. मसुदा तीनदा बदलला. भाऊ वैतागले; वैतागू दिलं.

पहिल्या अर्जानंतर किमान ६ महिने थांबायचं आणि १८ महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा येऊन संमती सांगायची, असा नियम. वेगळं राहून दीड वर्ष झालं असेल आणि देणंघेणं मिटलं असेल, तर सहा महिन्यांची अट कोर्ट माफ करू शकतं, असा २०१७ चा निकाल आहे. वकील त्यासाठी तयारच होते. मी म्हटलं, थांबा. मुलीला ही बातमी फोनवर कळली होती आणि ती वडिलांशी बोलत नव्हती. हुकूमनाम्याआधी संमती मागे घेता येते, हेही ताईंना नीट सांगितलं.

मुलगी दिवाळीला आली. रडली, भांडली, आणि भाऊबीज करून गेली.

दुसऱ्या तारखेला दोघं पुन्हा ॲक्टिव्हावर. कुणाचा दबाव आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं. दोघंही नाही म्हणाले. भाऊंनी आता खामल्यात खोली घेतली आहे. हॉलमधला कूलर त्यांनी नेला, जाण्याआधी ताईंच्या कूलरचा पंप बदलून दिला.