फोटोत आपलं उद्यान ओळखू का येत नाही?

प्रश्न : उपवन तलावाकाठी दर रविवारी फोटो काढतो. झाडं, बाकं, पाणी सगळं नीट येतं, पण बघणारा म्हणतो, "कुठलं गार्डन हे?" कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स आहे. नवीन लेन्स घ्यावी का?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : लेन्स राहू द्या, आधी वेळ बदला. तुम्ही बहुधा संध्याकाळी जात असाल. येऊरचे डोंगर तलावाच्या पश्चिमेला आहेत, त्यामुळे सूर्य पंचांगातल्या वेळेच्या आधीच डोंगराआड जातो. मग आभाळ पांढरंफटक आणि डोंगर म्हणजे नुसता काळा पट्टा. सकाळी उलट घडतं. पूर्वेचं कोवळं ऊन थेट डोंगरावर पडतं, त्याच्या घड्या दिसतात आणि पाणीही शांत असतं. सूर्योदय जानेवारीत सव्वासातच्या सुमारास होतो, जूनच्या सुरुवातीला सहाला. त्याआधी अर्धा तास पोहोचा. झाडूवाले यायच्या आत गेलात तर उन्हाळ्यात सोनमोहराखालचा पिवळा सडाही शाबूत मिळतो.

दुसरी गोष्ट, टॉवर फोटोत येऊ नयेत म्हणून कॅमेरा वळवू नका. बहुतेक जण तेच करतात आणि मग उरतं ते कुठल्याही गावचं झाड. उपवनची ओळख म्हणजे एकीकडे जंगलाचा डोंगर, दुसरीकडे इमारती आणि मधल्या पाण्याभोवती चालणारी माणसं. या तिन्हींपैकी निदान दोन तरी चौकटीत हवीत.

इथेच १८ मिमी, म्हणजे लेन्सचं सगळ्यात रुंद टोक, दगा देतं. समोरची फरशी अवाढव्य दिसते, डोंगर मुंगीएवढा. काठाकाठाने लांब जा, ५५ वर झूम करा आणि मधली झाडं नि मागचा डोंगर एकत्र घ्या. झाडापासून तुमचं अंतर वाढलं की झाड लहान होतं. दूरच्या डोंगराला त्या पन्नास पावलांनी काही फरक पडत नाही. म्हणून तो झाडाच्या तुलनेत मोठा दिसतो. फोनवाल्यांनी ०.५ चा रुंद कॅमेरा विसरून २ किंवा ३ पट झूम वापरावा. टॉवर मागे कलंडलेले दिसत असतील तर कॅमेरा वर उचलला गेलाय. तो सरळ धरा, गरज पडली तर आडव्याचा उभा करा आणि खालची जादा जमीन नंतर कापा.

सेटिंग साधी ठेवा : ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० ते ४००. गर्द झाडी चौकटीत जास्त असली की कॅमेरा फोटो उजळ करतो आणि पहाटेची दुपार होते. फोटो थोडा गडद यावा म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ करा. बाकावर पेपर वाचणारे आजोबा स्थिर आणि मागून चालणारे पुसट हवे असतील, तर शटर १/८ सेकंद, कॅमेरा कठड्यावर टेकवलेला आणि दोन सेकंदांचा टायमर. १/६० ला माणसं धड गोठत नाहीत, धड वाहतही नाहीत. फोटो नुसता हललेला वाटतो.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या नेरूळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' उद्यानात आभाळ पांढरं, पाणीही पांढरं. काय करावं?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आभाळ काढून टाका, किंवा वर बोटभर पट्टी ठेवा. ढगाळ उजेड झाडांना उलट मानवतो. ओली खोडं काळी होतात, हिरवा गडद होतो. पानांवरची पांढरी चकाकी मात्र हा रंग खाते. त्यासाठी लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावा आणि हळूहळू फिरवा. पूर्ण फिरवलात तर पाण्यातलं प्रतिबिंबही जाईल. त्यात एक ते दोन स्टॉप उजेड कमी होतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड), तेवढा आयएसओ वाढवा. एसीच्या खोलीतून निघाल्यावर कॅमेरा अर्धा तास बंद बॅगेतच राहू द्या, नाहीतर लेन्सवर वाफ धरते आणि पुसाल तेवढी पुन्हा येते.

आणि हे पाणी शोभेचं तळं नव्हे, धारण तलाव आहे. भरतीला समुद्राचं पाणी आत घुसू नये म्हणून झडपा बंद होतात, तेवढा वेळ शहराचं पावसाचं पाणी इथे साठतं आणि ओहोटीला बाहेर जातं. तेव्हा भरतीचं वेळापत्रक बघून या. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की भरती संपतानाची पातळी एक फोटो, ओहोटीनंतरची दुसरा. दोन्ही एकाच जागेवरून, एकाच झूमवर घ्या. जागा चुकू नये म्हणून कठड्याचा कितवा खांब ते मोजून ठेवा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही.

प्रश्न : उद्यानात खेळणाऱ्या मुलांचे फोटो काढावेत का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : चेहरा ओळखू येणार असेल तर आधी आईवडिलांना विचारा, 'नको' म्हटलं तर त्यांच्यासमोरच फोटो पुसा. झोक्यावरचं मूल पाठीमागून, १/३० ला, कॅमेरा झोक्याबरोबर फिरवत घेतलंत तर चेहऱ्याची गरजच पडत नाही. दहात एखादाच जमेल. ट्रायपॉड मांडायचा असेल तर गेटवरच्या सुरक्षारक्षकाला आधी सांगा; मांडल्यावर तो येणारच आहे.