बारावी कॉमर्सनंतर नर्सिंग: आधी नोंदणीचं विचारा

ताई, मुलगी बारावी कॉमर्स 58 टक्क्यांनी पास आहे आणि भांडुपमधला एक क्लासवाला ‘एका वर्षात नर्स’ म्हणत 60 हजार मागतोय, असं तुम्ही लिहिलंय. देऊ नका. सहा महिने किंवा वर्षाच्या कोर्सवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नर्स म्हणून नोंदणी होत नाही. नोंदणी नसेल तर सलाईन कितीही सफाईने लावता आलं, तरी हुद्दा असिस्टंटचाच राहतो आणि पगारही त्याच मापाचा. त्यामुळे कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न एकच: कोर्स संपल्यावर कौन्सिलची नोंदणी मिळते का?

बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, शिवाय सीईटी. म्हणजे तो रस्ता तिला बंद. उरतात एएनएम (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवाइफरी, 2 वर्षे) आणि जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, 3 वर्षे). जीएनएमला कोणतीही शाखा चालते, इंग्रजीसह 40 टक्के हवेत. माझं मत जीएनएमच. एएनएमचं काम मुख्यतः लसीकरण, गरोदर मातांच्या नोंदी, घरभेटी. मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स व्हायचं तर पुन्हा जीएनएम करावंच लागतं. जीएनएमनंतर 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग केलं की पदवीही हातात येते.

कॉलेज निवडताना इमारत आणि बस बघू नका, खाटा बघा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय किमान 100 खाटांचं हवं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत. कागदावर सगळ्यांकडे असतात. सकाळी आठला त्या रुग्णालयात जा, वॉर्डात विद्यार्थिनी दिसतात का आणि खाटांवर माणसं आहेत का, बघा. प्रसूतीच्या केसेस कुठे मिळतात हेही विचारा. छोट्या मॅटर्निटी होमवर भागवणाऱ्या कॉलेजांत केसेसच कमी पडतात, मग मुली एकमेकींचं लॉगबुक (केलेल्या केसेसची नोंदवही) उतरवतात आणि लेबर रूमच्या पहिल्याच ड्यूटीत हात थरथरतात. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवायला देऊ नका, साक्षांकित प्रती द्या.

प्रवेश मिळाला की हिपॅटायटिस बीची लस लगेच सुरू करा: आज, एका महिन्याने, सहाव्या महिन्यात. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांत अँटीबॉडी तपासा, 10 mIU/mL किंवा जास्त हव्यात. सुई टोचल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे बरं.

कॉमर्सच्या मुलींची भीती शरीररचनेची असते, पण अडखळतात त्या बऱ्याचदा डोसच्या हिशोबात. 500 मिली सलाईन 4 तासांत द्यायचं, सेट 20 थेंबांचा (म्हणजे 1 मिलीत 20 थेंब): 500 गुणिले 20, भागिले 240 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. चूक होते ती तासांची मिनिटं करायला विसरल्याने. पेडियाट्रिकचा मायक्रो सेट 60 थेंबांचा असतो. त्याच्या हिशोबाने काढलेला थेंबांचा वेग 20 थेंबांच्या सेटला लावला की सलाईन तिप्पट वेगाने जातं.

नोकरीत पहिलं वर्ष जनरल किंवा मेडिसिन वॉर्ड, मग आयसीयू. थेट ऑपरेशन थिएटरला गेलेल्या मुलीचा रुग्णाजवळच्या कामाचा सराव लवकर सुटतो, हे कुणी सांगत नाही. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला जीएनएमवाल्यांना किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला 2 वर्षांचा अनुभव लागतो, पदवीवाल्यांना नाही. म्हणून अनुभवाच्या दाखल्यावर खाटांची संख्या, वॉर्ड आणि तारखा लिहून घ्याच. नोकरी सोडून गेल्यावर एचआर तो दाखला बदलून देत नाही. राज्य सरकारच्या जाहिरातीत ‘अधिपरिचारिका’ हा शब्द शोधा, तीच स्टाफ नर्स. पुढची पायरी परिसेविका, मग अधिसेविका.

परदेशाचं म्हणाल तर आखाताला साधारण 2 वर्षांचा अनुभव आणि डेटाफ्लो या संस्थेकडून कागदपत्रांची पडताळणी, इंग्लंडला आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, अमेरिकेला एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा. आयईएलटीएस किंवा ओईटी शिकत असतानाच देऊन टाकू नका, निकाल बहुतेक ठिकाणी दोनच वर्षं ग्राह्य धरतात.