चेंबूरला भाड्याने घर घेतलंय. वीज आणि पाइपचा गॅस कोणत्या कंपनीचा, हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरहून नुकतेच चेंबूरला आलात, घरमालक परदेशी असतात आणि फोन लागत नाही, घरात एकही जुनं बिल सापडत नाही. एक शेजारी म्हणतो अदानी, दुसरा म्हणतो टाटा, आणि ऑफिसातले म्हणतात मुंबईत बेस्टच. आता आणखी कोणाला विचारत बसू नका. तळमजल्यावर मीटर रूम असेल तिथे जा आणि तुमच्या फ्लॅटचा मीटर बघा. मुंबईच्या उपनगरांत एकाच जिन्यावरच्या समोरासमोरच्या दोन घरांना दोन वेगळ्या कंपन्यांची बिलं येऊ शकतात. तुमचे दोन्ही शेजारी आपापल्या घरापुरतं खरंच सांगत असतील, पण त्यावरून तुमच्या घराचं काही ठरत नाही.

मी पूर्व उपनगरातल्याच एका सोसायटीचा बरीच वर्षं सचिव आहे. आमच्या मीटर रूममध्ये अदानी आणि टाटा दोघांचेही मीटर आहेत. बाहेरगावाहून आलेला जवळजवळ प्रत्येक भाडेकरू तुमचाच प्रश्न घेऊन येतो. कोल्हापुरात हा प्रश्नच पडत नाही, कारण तिथे महावितरणशिवाय कोणी नाही (२००५ साली वीज मंडळाचं विभाजन झालं, तरी जुनी माणसं अजून एमएसईबीच म्हणतात). मुंबईचं गणित वेगळं आहे.

बेस्टचं आधी मिटवू. बेस्टच्या बस चेंबूरला दिवसभर दिसतात, त्यामुळे वीजही त्यांचीच असेल असं नव्या माणसाला वाटतं. पण बेस्टची वीज फक्त शहरात, म्हणजे कुलाब्यापासून इकडे सायन आणि तिकडे माहीमपर्यंत. त्यापुढे पश्चिमेला वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि पूर्वेला कुर्ला, चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी या पट्ट्यात मुख्य जाळं अदानीचं. भांडुप-मुलुंडला पोचलात की महावितरण सुरू, तेच पुढे ठाणे आणि नवी मुंबईत. त्यातही कळवा, मुंब्रा, शीळ आणि भिवंडीत महावितरणने काम टोरंट पॉवरला फ्रँचायझीवर दिलंय, म्हणून तिथलं बिल टोरंटचं येतं. चेंबूरपुरतं बोलायचं तर बेस्ट आणि महावितरण दोन्ही बाद. उरले अदानी आणि टाटा.

या दोघांची सरमिसळ कशी झाली ते कळलं तर पुढचा गोंधळ टळेल. टाटांची वीज मुंबईला १९१५ पासून, खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून यायला लागली, पण ती प्रामुख्याने गिरण्या, रेल्वे आणि बेस्टसारख्या मोठ्या गिऱ्हाइकांना. उपनगरांतल्या घरांना वीज द्यायची ती बीएसईएस नावाची कंपनी. तीच पुढे रिलायन्स झाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अदानीकडे गेली. टाटांना घरगुती ग्राहकांनाही वीज विकता येईल असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. मग २००९ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने वाट मोकळी केली, की ग्राहकाने तारा आहेत त्याच ठेवाव्यात आणि वीज मात्र टाटांकडून घ्यावी. हजारो घरांनी तेव्हा अर्ज करून कंपनी बदलली. तुमच्या घरमालकांनी किंवा त्यांच्या आधीच्या मालकाने बदलली असेल तर बिल टाटांचं, नसेल तर अदानीचं.

आता मीटर. त्याच्या दर्शनी पट्टीवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत बऱ्याचदा मीटर बनवणाऱ्या कारखान्याचं नाव असतं. जीनस, सिक्युअर, एचपीएल अशी नावं दिसतील. त्यांचा तुमच्या बिलाशी काही संबंध नाही. वीजकंपनीचं नाव किंवा चिन्ह त्याच पट्टीवर लहान अक्षरांत, नाहीतर चिकटवलेल्या स्टिकरवर असतं, आणि बारकोडपाशी मीटर नंबर असतो. मीटर जुना असेल तर अजून रिलायन्सचं नावही दिसेल. त्याने गडबडू नका, ते जाळं आज अदानीचं आहे. पूर्ण पट्टी नीट वाचता येईल असा फोटो काढा. आकडे बदलत राहतात, म्हणून रीडिंगचा फोटो वेगळा काढा. काचेला किंवा सीलला हात लावू नका.

फोटो काढण्याआधी तो मीटर खरोखर तुमचाच आहे ना, हे तपासा. फ्लॅट नंबर रंगाने लिहिलेले असतात, इमारतीची रंगरंगोटी किंवा वायरिंग झालं की ते पुसले जातात, कधी चुकीचे लिहिले जातात. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. घरात कोणाला तरी उभं करा आणि फोनवर राहून गीझर लावायला सांगा, दिवा भराभर लुकलुकायला लागेल. मग घरातला मेन स्विच बंद करायला सांगा. दिवा लुकलुकायचा थांबला तर मीटर तुमचा. थांबला नाही तर एकतर तुम्ही दुसऱ्याचा मीटर बघताय, नाहीतर तुमच्या मीटरवर आणखी कोणाची तरी जोडणी आहे. दुसरी शक्यता दिसली तर गप्प बसू नका, सोसायटीला त्याच दिवशी लेखी कळवा. आमच्याकडे एका भाडेकरूचं बिल अव्वाच्या सव्वा यायचं. याच तपासणीत कळलं की त्याच्या आणि समोरच्या घराच्या मीटरवरचे फ्लॅट नंबर उलटे लिहिले होते.

मीटर नंबर हातात आला की कंपनीला फोन करा. अदानीचा क्रमांक १९१२२, टाटा पॉवरचा १९१२३. मीटर नंबर आणि पत्ता सांगून एवढंच विचारा की हा मीटर तुमचा का, आणि ग्राहक क्रमांक काय. मालकाची खासगी माहिती ते देणार नाहीत आणि देऊही नये. फोनवर ग्राहक क्रमांक द्यायला नकार दिला तर मीटरचा फोटो आणि भाडेकराराची प्रत घेऊन जवळच्या ग्राहक सेवा केंद्रात जा. क्रमांक मिळाला की पैसे भरायच्या ॲपमध्ये कंपनी निवडून तो टाका. पैसे भरण्याआधी पडद्यावर ग्राहकाचं नाव येतं. ते तुमच्या करारातल्या मालकाच्या नावाशी जुळतंय ना बघा. जुळत नसेल तर लगेच क्रमांक चुकला असं समजू नका, कारण विकत घेतलेल्या घराचा वीजमीटर वर्षानुवर्षं आधीच्या मालकाच्या नावावर राहतो. सोसायटीच्या ऑफिसात विचारलंत की उलगडा होईल.

थकबाकीही तेव्हाच विचारा. वीजबिलाची थकबाकी त्या जागेवरचा बोजा मानली जाते. गेलेला भाडेकरू न भरता गेला असला, तरी मीटर तोडला की अंधारात तुम्हीच बसाल.

बिल टाटांचं निघालं तर एक लक्षात ठेवा. तुमच्याकडे येणाऱ्या तारा बहुधा तरीही अदानीच्याच असतील. बिलातला 'वहन आकार' हा त्या तारा वापरल्याचा. म्हणजे बिलाची तक्रार टाटांकडे, पण रस्त्यातली केबल जळाली तर दुरुस्ती तारांच्या मालकाची. असे दोन मालक असल्यामुळेच अडचणीच्या रात्री माणसं टोलवाटोलवीला कंटाळतात. दोन्ही क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा.

गॅसचं काम सोपं आहे. पाइपच्या गॅसला उपनगरांतल्या विजेसारखी दोन कंपन्यांची निवड नाही. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ एका क्षेत्रात घरगुती पाइपगॅस एकाच कंपनीकडे सोपवतं. मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदर, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली इथे ती महानगर गॅस, १९९५ साली स्थापन झालेली. (पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नाशिकला एमएनजीएल, म्हणजे महाराष्ट्र नॅचरल गॅस. नावं सारखी वाटतात, कंपन्या वेगळ्या.) तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात गॅसचा मीटर असेल तर कंपनी कोणती याचा शोधच नको, फक्त ग्राहक क्रमांक हवा. तोही मीटर नंबरवरूनच निघेल. मीटर ओट्याखाली किंवा खिडकीपाशी असतो. काळे आकडे पूर्ण घनमीटरचे, लाल आकडे दशांशाचे. रीडिंग घेताना फक्त काळे लिहा.

एक मात्र आधी खात्री करा की पाइपमधून येतोय तो नैसर्गिक वायूच आहे. जिथे गॅसवाहिनी पोचलेली नाही अशा काही संकुलांत बिल्डरने आवारात सिलिंडरची बँक उभारलेली असते आणि तिथून पाइपने घरोघरी एलपीजी जातो. तिथे बिल देणारी एखादी खासगी एजन्सी असते. फरक जिवाशी आहे. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, गळला तर वर छताकडे जातो. एलपीजी जड, जमिनीलगत साचतो. शिवाय शेगडीचं नोझल दोन्हींना वेगळं लागतं. कोल्हापूरहून सिलिंडरवरची शेगडी आणली असेल तर ती तशीच पाइपला जोडू नका, कंपनीच्या माणसाकडून बदलून घ्या.

घरात मालकांनी ठेवलेला सिलिंडर असेल तर त्यावर इंडेन, भारतगॅस किंवा एचपी यांपैकी नाव असतं, पण तुमची एजन्सी कोणती ते त्यावरून कळत नाही. ते कनेक्शन मालकांचं, नोंदणी त्यांच्या नावावर आणि त्यांच्याच फोनवर. त्याच्या मागे लागण्यापेक्षा भाडेकरार दाखवून स्वतःचं कनेक्शन घ्या. तोपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर फक्त ओळखपत्रावर मिळतो. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर चालतो, तो पाठच करा.

हे सगळं मी इतकं पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा' असा मेसेज येतो, आणि ज्याला आपली कंपनीच माहीत नाही तो घाबरून फोन करतो. आमच्या इमारतीतल्या एका आजींनी सांगितल्याप्रमाणे ॲप उतरवून घेतलं आणि पेन्शनचे पैसे गेले. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रात्री साडेनऊची धमकी कोणतीही कंपनी देत नाही, आणि कोणाच्या खासगी मोबाइलवर पैसेही मागत नाही.

मालकांचा फोन लागला की दोन गोष्टी सांगा. वीज आणि गॅस दोन्ही खात्यांवर तुमचा मोबाइल क्रमांक नोंदवायला, म्हणजे बिलाचा मेसेज थेट तुम्हाला येईल. आणि पुढचा लिव्ह अँड लायसन्स करार करताना दोन्ही ग्राहक क्रमांक आणि चावी घेतल्या दिवशीचं रीडिंग त्यात लिहायला.