तारा लावल्यात, दात नक्की किती वेळा घासायचे?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही नाशिकरोडला राहतो. मुलगा नववीत आहे. जूनमध्ये त्याच्या वरच्या आणि खालच्या दातांना तारा बसवल्या. तेव्हा ‘प्रत्येक खाण्यानंतर ब्रश करायचा’ असं सांगितलं होतं. पण सकाळी साडेसहाला तो व्हॅनमध्ये बसतो, दोनला घरी येतो, चारला क्लास, मग क्रिकेट. दिवसातून पाच-सहा वेळा तरी काही ना काही खातो. प्रत्येक वेळी ब्रश कसा करणार? त्यात हल्ली घासताना हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून मीच त्याला सांगितलं की एकदाच घास, सकाळी, हलक्या हाताने. त्याचे बाबा म्हणतात, जास्त घासलं तर क्लिपा निघतील. सासूबाई म्हणतात, मिठाने नाहीतर मिश्रीने घास, हिरड्या घट्ट होतात. तारेवरचे पारदर्शक रबर आठ दिवसांत पिवळेधमक झाले, तीही घाणच का? रात्री झोपताना आजी त्याला हळद-साखर घालून दूध देते, तेवढंच पौष्टिक काहीतरी त्याच्या पोटात जातं. नक्की किती वेळा ब्रश करायचा, एकदा स्पष्ट सांगा.
– एक आई, नाशिकरोड

उत्तर : ताई, आधी आकडा सांगते. तीन वेळा. सकाळी घरून निघण्यापूर्वी जे काही खाईल-पिईल त्यानंतर, दुपारी शाळेतून येऊन जेवल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी. एखाद्या दिवशी तीन जमले नाहीत तर दोन, पण दोनाच्या खाली जायचं नाही. आणि त्या दोनांतला एक रात्रीचा असलाच पाहिजे. ‘प्रत्येक खाण्यानंतर’ हे आम्ही सांगतो ते खरं आहे, पण शाळेच्या मधल्या सुट्टीत नळावर रांग लावून कोण ब्रश करणार? तिथे त्याने डबा खाल्ल्यावर पाण्याच्या बाटलीतला मोठा घोट तोंडात घ्यावा, गालांनी जोर लावून तारेतून खळखळून फिरवावा आणि चूळ टाकावी. असं तीन-चार वेळा. अडकलेल्या पोळीचे तुकडे एवढ्यानेही बरेच निघतात.

तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त काळजी वाटली ती दोन गोष्टींची : कमी केलेला ब्रश आणि रात्रीचं दूध.

रक्त येतं म्हणून ब्रश कमी करणं हे आईच्या मायेनं होतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आया तरी हेच करतात. पण रक्त कशाने येतं ते बघा. ब्रॅकेट म्हणजे दातावर चिकटवलेली ती छोटी क्लिप. तिच्यात आणि हिरडीत दाताची एक चिंचोळी पट्टी उरते. बऱ्याच मुलांच्या तोंडात ती दोन-तीन मिलिमीटरच असते. त्या पट्टीवर जंतूंचा मऊ, पांढुरका थर साचतो. तो तिथेच राहिला की शेजारची हिरडी सुजते, लाल होते आणि ब्रशचा नुसता स्पर्श झाला तरी रक्त येतं. म्हणजे रक्त येणारी जागा ही नेमकी न घासली गेलेली जागा असते. मऊ ब्रशने तीच जागा हळुवार, पण रोज नीट साफ केली, तर साधारण आठ-दहा दिवसांत रक्त कमी होत जातं. पहिले तीन-चार दिवस येईल, घाबरू नका. दोन आठवड्यांनीही कमी झालं नाही तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवून या.

आता दूध. आजीचं दूध बंद करू नका, फक्त त्याची वेळ बदला. जेवणानंतर साडेआठ-नऊला द्या, मग ब्रश, आणि ब्रशनंतर सकाळपर्यंत फक्त साधं पाणी. झोपेत तोंडातली लाळ खूप कमी होते. दिवसभर ही लाळच दातांची राखण करते. आम्ल धुऊन काढते, दातातून झिजलेले क्षार परत भरते. रात्री तो राखणदार झोपलेला असतो. अशा वेळी साखरेचं दूध तारेभोवती तसंच राहिलं, तर जंतूंना रात्रभर खाद्य मिळतं आणि त्याचं आम्ल दातावर काम करत राहतं.

ते काम कसं दिसतं, हे एकदा मी फार जवळून पाहिलंय. सिन्नरहून एसटीने येणारी दहावीतली एक मुलगी होती. पुढचे दात बाहेर होते, ओठ मिटायचे नाहीत. दोन वर्षं उपचार चालले. तारीख कधी चुकवली नाही तिने. ज्या दिवशी ब्रॅकेट काढले, त्या दिवशी दात सुरेख ओळीत आलेले होते. मी वरचे सहा दात पॉलिश करून हवेने कोरडे केले आणि माझा हात थांबला. प्रत्येक दातावर, जिथे ब्रॅकेट होता त्याच्याभोवती खडूसारखी पांढरी चौकट उमटली होती. मधे दाताचा चकचकीत चौकोन आणि कडेने निस्तेज, खरबरीत पांढरा पट्टा. तिने आरसा हातात घेतला, हसली आणि हसता हसता ओठ मिटून घेतला. दोन वर्षांपूर्वी दात लपवायला ती जशी ओठ ओढून घ्यायची, अगदी तसाच. तिच्या आईने मला विचारलं, ‘हे पुसलं जाईल ना?’ नाही जात. फ्लोराइडने काही डाग फिके होतात, काहींवर वेगळे उपचार करता येतात, पण दात पहिल्यासारखा होईलच याची हमी देता येत नाही. ती कीड लागण्याची पहिली पायरी असते, दातातले क्षार निघून गेल्याची खूण. आणि ती पडायला वर्ष लागत नाही, घासणं सुटलं तर महिनाभरातही डाग दिसू लागतात. त्या मुलीला मी दर भेटीत ‘नीट घास हं’ म्हणत होते. कुठे आणि कसं, हे तिच्या हातात ब्रश देऊन करून घेतलं नव्हतं. तेव्हापासून तारा लावलेलं प्रत्येक मूल माझ्या समोर बेसिनवर उभं राहून ब्रश करून दाखवतं, तेव्हाच त्याला पुढची तारीख मिळते.

म्हणून तुम्हालाही कसं ते सांगते. आज रात्री मुलाला ट्यूबलाइटखाली आरशासमोर उभं करा. ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा. तारेसाठी मधे खाच असलेला वेगळा ब्रश मिळतो, मिळाला तर चांगलंच, पण साध्या मऊ ब्रशनेही भागतं. आधी पाण्याने चूळ, म्हणजे मोठे कण निघून जातात. मग ब्रशचे केस तिरके करून हिरडीकडे टेकवायचे, त्या चिंचोळ्या पट्टीवर, आणि जागच्या जागी लहान लहान गोल हलवायचे. दोन दात झाले की पुढचे दोन. ही फेरी संपली की ब्रश ब्रॅकेटच्या वरून तारेत खाली दाबत, मग खालून वर. शेवटी चावण्याची बाजू आणि आतली, जिभेकडची. चार-पाच मिनिटं लागतात. मुलं चाळीस सेकंदांत उरकतात, म्हणून पहिले पंधरा दिवस घड्याळ लावून तुम्ही शेजारी उभ्या राहा. चौदा वर्षांचा मुलगा कुरकुर करेल. करू दे.

दोन ब्रॅकेटच्या मधे तारेखाली मोठा ब्रश पोचतच नाही. तिथे औषधाच्या दुकानात मिळणारा दातांच्या फटींचा बारीक ब्रश वापरायचा. तो बाटली घासायच्या ब्रशसारखा दिसतो, फक्त काडीएवढा. तारेखालून आत घालायचा, मागेपुढे करायचा, बाहेर. हे दिवसातून एकदा, रात्री. ब्रॅकेट चकचकीत दिसला, त्याच्या चारही कडा वेगळ्या ओळखू आल्या की समजा जमलं. कडा धूसर, पिठूळ दिसल्या तर परत.

पेस्ट फ्लोराइडची घ्या. नळीवर 1000 पीपीएमच्या आसपास आकडा लिहिलेला असतो, तो वाचून घ्या. ‘आयुर्वेदिक’, ‘हर्बल’ लिहिलेल्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. तारा असेपर्यंत तरी त्या बाजूला ठेवा. आणि एक सवय मोडायला सांगते, आपल्याकडे घरोघरी असते ती. घासून झाल्यावर आपण तांब्याभर पाण्याने चुळा भरतो. नका भरू. फेस थुंकून टाकायचा, फार तर एक लहान चूळ. थोडं फ्लोराइड दातावर राहिलं पाहिजे, त्यासाठीच तर ती पेस्ट.

त्याच्या बाबांना सांगा, मऊ ब्रशने क्लिपा निघत नाहीत. ब्रॅकेट दाताला खास सिमेंटने पक्का बसवलेला असतो. तो निघतो तो पुढच्या दातांनी पेरू तोडल्यावर, ऊस सोलल्यावर, कणीस ओरबाडल्यावर, संक्रांतीचा कडक तिळाचा लाडू कडकन फोडल्यावर. माझ्याकडे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात निघालेल्या ब्रॅकेटांची रीघ लागते. पेरू खाऊ दे की, फोडी करून मागच्या दातांनी. तिळाचा लाडू नको, मऊ वडी चालेल. द्राक्षांना तर काहीच हरकत नाही, नाशिकच्या मुलाला ती नाही म्हणणं माझ्या जिवावर येईल. मिसळीत फरसाण रश्शात भिजू द्यावं. खरा त्रास पावाचा असतो. तो मऊ म्हणून आपल्याला निरुपद्रवी वाटतो, पण चावल्यावर त्याचा लगदा होऊन तारेला लिंपल्यासारखा बसतो. मिसळीनंतर घरी आल्यावर आरसा बघायचाच. कोल्ड्रिंक किंवा लिंबू सरबत प्यायलं असेल तर मात्र लगेच ब्रश नको. आम्लामुळे दाताचा वरचा थर थोडा वेळ मऊ पडलेला असतो. पाण्याने चुळा भरायच्या आणि अर्ध्या तासाने घासायचं.

रबर पिवळे झाले ते हळदीने, घाणीने नव्हे. वरण, भाजी आणि ते दूध, सगळीकडे हळद आहे. पारदर्शक रबर तिचा रंग लगेच ओढून घेतं. दर महिन्याच्या भेटीत रबर बदलतात, तेव्हा राखाडी किंवा गडद निळे मागा. पिवळेपणा जावा म्हणून रबरावर जोराने घासत बसू नये.

सासूबाईंशी तुम्हाला बोलणं अवघड जाईल, म्हणून हे माझ्या नावाने वाचून दाखवा. आजी, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. चौदा वर्षांच्या नातवाच्या हिरडीला तंबाखू लागू देऊ नका, कृपा करा. मिठाचं तुमचं म्हणणं मात्र मी अर्धं मान्य करते. कोरडं मीठ दातावर घासायचं नाही, ते खरखरीत असतं. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून त्याच्या गुळण्या रात्रीच्या ब्रशआधी करायला लावा. तार घट्ट केली की दोन-तीन दिवस तोंड हुळहुळतं, गालाला आतून ओरखडे येतात, तेव्हा या गुळण्यांनी फार बरं वाटतं. आणि ते काम तुम्हीच अंगावर घ्या, तुमचं तो ऐकतो असं पत्रावरून दिसतंय.

प्रश्न : मी 24 वर्षांची आहे, अंबडच्या एमआयडीसीत कामाला आहे. चार महिन्यांपूर्वी तारा लावल्या. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी असते. रात्रपाळीत सकाळी सातला घरी येते आणि इतकी दमलेली असते की तशीच झोपते. संध्याकाळी उठल्यावर घासते. रात्रभर कॅन्टीनचा चहा चार-पाच वेळा होतो. रात्रीचा ब्रश कधी धरायचा?
– सिडको

उत्तर : दातांना सूर्य कळत नाही, त्यांना तुमची झोप कळते. तुम्ही सकाळी आठला झोपत असाल तर तुमचा ‘रात्रीचा ब्रश’ पावणेआठला. तो चुकला तर संध्याकाळच्या ब्रशने भरून निघत नाही, कारण मधले सहा-सात तास तोंड कोरडं असतं आणि रात्रभराचं सगळं तारेवर तसंच असतं. घरी आल्यावर पलंगावर टेकायच्या आधीच बेसिनकडे जा. एकदा पाठ टेकली की उठवत नाही, हे मला ठाऊक आहे. इंटर्नशिपमध्ये रात्रीच्या ड्यूट्या मीही केल्यात.

चहाचं जास्त महत्त्वाचं आहे. एका कपात किती साखर, यापेक्षा ती किती वेळा तोंडात जाते हे दातांना जास्त बाधतं. गोड घोट गेला की दातावरचं आम्ल वाढतं आणि ते उतरायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. चार-पाच चहा, त्यातला एखादा तासभर घोट घोट करत, म्हणजे रात्रीतला बराच वेळ दात आम्लातच. चहा बंद करा असं मी रात्रपाळीच्या माणसाला म्हणणार नाही. दोन चहा साखरेचे घ्या, बाकीचे बिनसाखरेचे, आणि जो घ्याल तो बसून संपवा. मागून लगेच पाण्याची चूळ. मधल्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर जमलं तर ब्रश. पर्समध्ये झाकणाचा छोटा ब्रश राहू द्या, पेस्ट नसली तरी नुसत्या ओल्या ब्रशने तारेतलं अन्न निघतं.

फ्लोराइडचा माउथवॉश तुमच्यासारखीला उपयोगी पडतो. पण तो ब्रशच्या लगेच मागे नको, वेगळ्या वेळी घ्या, म्हणजे संध्याकाळी कामाला निघताना. कोणता आणि किती, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आणि पुढच्या तारखेला जाल तेव्हा रोजचा ब्रश रुमालात गुंडाळून सोबत न्या, नाशिकरोडच्या ताईंनीही मुलाचा न्यावा. तारेमुळे केस लवकर फिसकटतात, तीन महिन्यांचा ब्रश दीड-दोन महिन्यांतच कामातून जातो. डॉक्टरांना तो दाखवा आणि त्यांच्या समोर एकदा घासून दाखवा. कोणती जागा सुटते ते त्यांना लगेच दिसेल.