वस्तीतले आरोग्यकाम शिकण्यासाठी लंडनला यावे का?

मानखुर्दला आरोग्य सेविकांचे काम पाहणाऱ्या एका ताईंनी मला विचारले आहे की, वस्तीतल्या कामाचा इतका अनुभव गाठीशी असताना सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी लंडनला यावे का, आणि आल्यास चौथीतल्या मुलाचे काय करावे. मीही गोवंडीतून याच अभ्यासक्रमासाठी आले आणि पुढे इथलीच झाले, त्यामुळे उत्तर लिहायला बसायचे मी बरेच दिवस टाळत होते.

ताई, व्हिसा, शुल्क आणि क्षयरोगाची तपासणी यांविषयी सरकारी संकेतस्थळावर सगळे आहे, ते मी इथे पुन्हा उगाळत नाही. मात्र जानेवारी २०२४ पासून एक वर्षाच्या अशा अभ्यासक्रमाला येणाऱ्यांना मुले सोबत आणता येत नाहीत, एवढे आधी लक्षात घ्या. आमच्या वेळी ही अट नव्हती.

माझा जीव खाल्ला तो नावाने. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझे, वडिलांचे आणि आईचे नाव. पासपोर्टवर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव. मुलीच्या जन्मदाखल्यावर तर मी नुसत्या पहिल्या नावाने. आपल्याकडे यात कोणालाच वावगे वाटत नाही, पण अर्ज तपासणाऱ्याला त्या तीन वेगवेगळ्या बायका दिसतात. एका खिडकीवर राजपत्रात नाव छापून आणायला सांगितले, तर शेजारच्या खिडकीवर त्याची गरजच काय असे विचारले. कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाकडून करून घेतलेले ते प्रतिज्ञापत्र पुढे कोणी उघडूनही पाहिले नाही, हे आठवले की अजूनही चीड येते. तुम्ही हे काम आजच सुरू करा.

आता अभ्यासाचे. घरोघर कसे जावे, सासूसमोर सुनेशी कसे बोलावे, हे तुम्हाला इथे कोणी शिकवू शकणार नाही. वर्गात गावातल्याच बायकांना आरोग्याचे काम शिकवणारा जामखेडचा प्रकल्प शिकवला गेला, तेव्हा डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेले, मुंबईहून एका रात्रीच्या एसटीवर असलेले ते काम मी पौंड मोजून ऐकत होते. लंडनच्या पिमलिको भागातल्या चर्चिल गार्डन्स वसाहतीत २०२१ पासून ब्राझीलच्या धर्तीवर आरोग्य कार्यकर्ते नेमले गेले, प्रत्येकाकडे साधारण १२० घरे, महिन्याला एक भेट. वसाहत पाहायला गेले तेव्हा मला आपल्याच बायका आठवल्या. फरक इतकाच की इथल्यांना पगार आहे आणि आपल्या सेविकांना त्यांच्या मानधनासाठी आझाद मैदानात बसावे लागते.

तरीही हा अभ्यास मला उपयोगी पडला, तो आकडेवारीमुळे. बाळाच्या दंडाला कुपोषण मोजायची फीत लावून लाल पट्टा दिसला की दवाखान्यात पाठवायचे, हे मी वर्षानुवर्षे करत होते. पण तो पट्टा ११.५ सेंटिमीटरलाच का संपतो, त्याखाली मृत्यूचा धोका किती वाढतो आणि ते कसे मोजतात, हे मला इथे कळले. आपण भरलेली रजिस्टरे वर जातात आणि परत येत नाहीत. ती स्वतः वाचता येणे ही मोठी गोष्ट आहे. अर्थात देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी मिळते, आणि ती तुमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

मुलाच्या शाळेविषयी मी तटस्थपणे लिहू शकत नाही. माझी मुलगी दादरला मराठी माध्यमात होती, तिचे पाढे तोंडपाठ होते. इथे तिला कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावर बसवून सफरचंद आणि छत्री यांची चित्रकार्डे दिली, तीही पहिल्या सत्रभर. आपल्या पद्धतीने मांडलेला तिचा भागाकार उत्तर बरोबर असूनही पुन्हा करायला लावला. पालकसभेत बाई गोड हसून म्हणाल्या की ती फार शांत मुलगी आहे. घरी तिची बडबड थांबत नसे, ताई. आज ती उत्तम शिकते आहे, आजीशी फोनवर इंग्रजीत बोलते, आणि सगळे मला म्हणतात की बघ, किती छान रुळली.

एकटेपणाचे फार मनावर घेऊ नका. नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो, तेव्हा लवकर स्वयंपाकाला लागावे.

मुलगा वर्षभर आजीकडे राहू शकत असेल आणि तुम्हाला आकडेवारीतच पुढे काम करायचे असेल, तर या. नाहीतर देवनार बरे. येणार असाल तर बिनपगारी का होईना, पण रजा लेखी मंजूर करून घ्या, राजीनामा देऊ नका. मी राजीनामा देऊन आले. रजा मागितली असती तर मिळाली असती, हे मला तेव्हाही ठाऊक होते, आणि तरी ती का मागितली नाही याचे उत्तर मी नवऱ्यालाही अजून दिलेले नाही.