साठ हजारांत रोड बाइक हलकी करायची असेल तर

तुमची सायकल अॅल्युमिनियम फ्रेमची, डिस्क ब्रेकवाली, पेडलांसकट १०.२ किलो. साठ हजार हाताशी आहेत, स्वस्तातले कार्बन पार्ट लावून ती ८ किलोवर आणायची आणि सिंहगडाची वेळ कमी करायची, असं तुम्ही विचारलंत. मी बरीच वर्षं माझी आणि मित्रांच्या सायकली घरीच खोलतो-जोडतो, आणि हा उद्योग याच बजेटमध्ये अनेकदा केलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

८ किलो होणार नाही. फ्रेम, फोर्क आणि गिअरसेट तेच ठेवलं तर बाकी सगळं बदलूनही काटा ९ च्या जरासा खाली थांबतो. व्यावसायिक शर्यतींत यूसीआयची, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची, किमान मर्यादाच ६.८ किलो आहे. त्या सायकलींची नुसती चाकं तुमच्या सगळ्या सायकलीच्या किमतीत येतात, तेव्हा ती तुलना सोडून द्या.

आता सिंहगडाचा हिशेब. डोणज्याच्या बाजूने घाट सुरू झाल्यापासून वरच्या पार्किंगपर्यंत साधारण ६०० मीटरची चढाई आहे. एक किलो वजन ६०० मीटर वर न्यायला सुमारे ५,९०० ज्यूल लागतात. तुम्ही, सायकल आणि पाणी मिळून ८५ किलो धरा. हा घाट तासाभरात चढणारा माणूस साधारण १५० ते १६० वॅट लावत असतो. म्हणजे एक किलो कमी केलं की ३५ ते ४० सेकंद वाचतात. बस, एवढंच. हे आधी सांगतोय, कारण पैसे घालून झाल्यावर पाच मिनिटांची अपेक्षा ठेवलेली माणसं खट्टू होऊन सायकलच सोडून देताना मी पाहिली आहेत. ७५० मिलीची दुसरी भरलेली बाटली खाली ठेवून गेलात तरी अर्ध्या मिनिटाचं काम होतं, तेही फुकट.

तरी हलकी सायकल चालवायला मजा येते, आणि ती हवीशी वाटणं अगदी रास्त आहे. फक्त पैसे कोणत्या क्रमाने घालायचे ते बघा. मी दर ग्रॅमला किती रुपये पडले ते वहीत लिहितो आणि जुना-नवा प्रत्येक पार्ट किचनच्या काट्यावर ठेवतो. विक्रेत्याने लिहिलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांत हमखास फरक असतो.

सुरुवात टायर-ट्यूबपासून. कंपनीतून आलेला तारेच्या कडेचा २८ मिमी टायर ३८०-४०० ग्रॅमचा असतो, चांगला घडीचा टायर २६० च्या आसपास. साधी ब्यूटाइल ट्यूब १२० ग्रॅम, टीपीयूची (पातळ प्लास्टिकची) ट्यूब ४० च्या आत. दोन्ही चाकांचे मिळून ४०० ग्रॅमच्या वर जातात. मला हे सगळं मिळून आठ-नऊ हजारांना पडलं, म्हणजे ग्रॅमला वीस-बावीस रुपये. याहून स्वस्त ग्रॅम सायकलीवर दुसरीकडे कुठेच नाही. शिवाय खरा फायदा वजनाचा नाहीच. टायरचा रोलिंग रेझिस्टन्सचा, म्हणजे रस्त्यावर फिरताना होणाऱ्या विरोधाचा, गुणांक ०.००६ वरून ०.००४ वर आला, तर ताशी ३० किमीला सुमारे १४ वॅट वाचतात. खडकवासल्यापर्यंतच्या सपाट रस्त्यावरच तुम्हाला हा फरक पायात कळेल.

यानंतर सॅडल आणि सीटपोस्ट. कंपनीची सॅडल ३५० ग्रॅमची असेल, तर दोनशेच्या आसपासची घ्या, पण आधी कोणाची तरी आठवडाभर वापरून बघा. नुसत्या कार्बनच्या कवचाच्या, गादी नसलेल्या १२० ग्रॅमवाल्या सॅडलच्या नादी लागू नका. २०० किमीच्या ब्रेव्हेत (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांबच्या राइडमध्ये) ती वाचलेल्या प्रत्येक ग्रॅमची वसुली करते. सीटपोस्टमध्ये ८०-९० ग्रॅम वाचतात आणि कार्बन थोडे धक्केही खातो, म्हणून स्वस्तातला कार्बन पार्ट घ्यायचाच असेल तर मी हाच सुचवतो. मागवण्याआधी व्हर्नियरने माप घ्या. २७.२ मिमी सर्रास असतं, पण सगळ्यांचं नसतं.

चाकं हा सगळ्यात मोठा खर्च. तुमची मूळ जोडी २,१०० ग्रॅमच्या आसपास असणार, आणि तुमच्या बजेटमधली कार्बन जोडी १,५०० ते १,६०० ची मिळते. ‘फिरणारं वजन दुप्पट लागतं’ हे सगळीकडे ऐकू येतं, ते वेग वाढवण्यापुरतं खरं आहे. एकसारख्या वेगाने चढताना रिमवरचे १०० ग्रॅम आणि खिशातले १०० ग्रॅम सारखेच. खोल रिमचा उपयोग सपाटीवर, हवा कापायला. घेताना तीन गोष्टी तपासा. एक्सल थ्रू (आरपार जाऊन आटे बसणारा) आहे का क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा). रोटर, म्हणजे ब्रेकची तबकडी, सेंटर-लॉक (मधल्या एका रिंगने बसणारा) आहे का सहा बोल्टांचा. आणि फ्रीहब, म्हणजे मागच्या चाकाचा ज्यावर कॅसेट (चक्र्यांचा जुडगा) बसते तो भाग. ११ स्पीडच्या शिमानो फ्रीहबवर ८-९-१० स्पीडची कॅसेट बसते, पण मागे १.८५ मिमीची रिंग घालावी लागते. ती विसरली की कॅसेट खुळखुळते. रिम हुकवालीच, म्हणजे टायरची कड धरून ठेवणारी आतली ओठी असलेली, घ्या. हुकलेस रिमवर ५ बार, म्हणजे ७२ पीएसआय, हवेच्या दाबाची मर्यादा असते आणि टायरही जुळणाराच लागतो. आपल्याकडे पेट्रोल पंपावरच्या किंवा कोणाच्यातरी पंपाच्या काट्यावर विसंबून हवा भरली जाते, तिथे ही जोखीम कशाला घ्यायची? तुमचे डिस्क ब्रेक आहेत म्हणून चाकांबद्दल एवढं मोकळेपणाने लिहितोय. रिम ब्रेक असते तर साफ नको म्हटलं असतं. सिंहगडाच्या उतारावर सतत ब्रेक दाबला की रिम तापते, स्वस्त रेझिन मऊ पडतं आणि रिमची कड फुगते.

आता हँडलबार, स्टेम (हँडलबार पकडणारा तुकडा) आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा). यांना हात लावू नका. हे मी अनुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून बिननावाचा कार्बन हँडलबार घेतला होता. ८५ ग्रॅम वाचले. पाच-सहा महिन्यांनी उभं राहून पेडल मारताना बारीक करकर यायला लागली. मी बोल्ट साफ केले, पेस्ट पुन्हा लावली, हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बदलला, तरी आवाज तसाच. शेवटी बार टेप उलगडली, तर स्टेमच्या पकडीपासून बोटभर अंतरावर केसासारखी आडवी चीर होती. नाण्याने ठोकत गेलो, तर बाकी ठिकाणी टणटण आणि तिथे मात्र मेलेला, ठस्स आवाज. त्याच रविवारी मी त्या बारवर हात ठेवून घाट उतरलो होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कार्बनचा धागा लांबीच्या दिशेने पोलादाला भारी पडतो, पण आवळला, चेचला की दुबळा. आतले थर नीट बसले नसतील, कुठे सुरकुती पडली असेल किंवा हवेचा बुडबुडा राहिला असेल, तर वरून गुळगुळीत लॅकरखाली काहीही दिसत नाही. आणि तो वाकून इशारा देत नाही, सरळ तुटतो. सीटपोस्ट तुटला तर बहुधा सावरता येतं. हँडलबार किंवा फोर्कची नळी गेली तर माणूस तोंडावर पडतो. धातूही यातून सुटत नाही. २००६ च्या पॅरिस-रुबे शर्यतीत जॉर्ज हिंकापीच्या फोर्कची स्टिअरर नळी तुटली, ती अॅल्युमिनियमची होती, आणि त्याआधी तो त्याच शर्यतीत एकदा पडलेला होता. सायकल आपटली की पुढचे पार्ट खोलून बघायचेच, मग ते कशाचेही असोत. नामांकित ब्रँडचा बार एक तृतीयांश किमतीत मिळत असेल, तर तो नकली आहे असंच धरून चाला. विक्रेत्याला आयएसओ ४२१० (सायकलींच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या चाचणीचा अहवाल मागा. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. अलीएक्स्प्रेसवर आपल्याकडे नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे बराच माल हातोहात फिरून येतो. कस्टम ड्युटी जमेस धरा, आणि परत पाठवायची सोय नाही असं समजूनच पैसे भरा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगतो. तुमची कॅसेट ११-२८ (लहान चक्रीला ११ दात, मोठीला २८) आहे असं लिहिलंय. ती ११-३२ करा. आधी मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) ३२ दातांची चक्री झेपते का बघा. वजन पन्नासेक ग्रॅमने वाढेल, वाढू द्या. शेवटच्या खड्या वळणांवर पाय पिळवटून साठच्या कॅडन्सने (मिनिटाला पेडलच्या साठ फेऱ्या) ढकलण्यापेक्षा त्याच वेगाला सत्तरच्या जवळपास फिरवणं पायांना कितीतरी सोपं जातं. सिंहगडासाठी मला एकच बदल करू दिला, तर मी हाच करेन.

जोडणीचं थोडक्यात. टॉर्क रेंच (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना) नसेल तर कार्बनला हात लावू नका, हजार-दोन हजारांत ठीकठाक मिळतो. सीटपोस्टला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट लावायची. तिच्यातल्या बारीक कणांमुळे कमी आवळूनही पकड बसते. पार्टवर छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते. ५ न्यूटन-मीटर लिहिलं असेल तर ४ पासून सुरू करा, सरकला तरच वाढवा. किमान आत घालायची खूण फ्रेमच्या आत गेलीच पाहिजे.

आणि पावसाळ्याचं विसरू नका. कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून ओले राहिले की अॅल्युमिनियम गंजतं आणि पोस्ट फ्रेममध्ये जाम बसतो. एका मित्राचा असाच अडकलेला पोस्ट आम्हाला शेवटी कापून काढावा लागला. जून ते सप्टेंबर दर तीन-चार आठवड्यांनी पोस्ट बाहेर काढा, पुसा, सायकल उलटी करून फ्रेमच्या नळीतलं पाणी निथळू द्या, ताजी पेस्ट लावून परत बसवा. उंचीची खूण म्हणून आधी इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा मारून ठेवा.

तुमच्या मागच्या एक्सलचा आणि सीटपोस्टवर कोरलेल्या आकड्याचा फोटो टाका, म्हणजे कोणती चाकं बसतील ते नेमकं सांगतो. तोवर टायर आणि ट्यूब मागवून टाकायला हरकत नाही.